लिफ्टखालचा शुक्रवार

पहाटे 5.45

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते, म्हणून आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. आज मात्र वर्कशॉपचं शटर वर करायच्या आधीच एक काम आहे. एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी, किवळ्याला, एक डॉक्टर माझी वाट बघत थांबलेत. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, 2018 सालची. पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही. भारतात ही गाडी साधारण चारशे हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेली. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी दुसऱ्या एका शहरात तिचा एक्झॉस्ट बदलून घेतला. तेव्हापासून त्यांची मुलगी या गाडीत बसायला तयार नाही. मागच्या महिन्यात ती लोणावळ्याला उतरली आणि पुढचा रस्ता आईच्या गाडीतून गेली.

फोनवर ते म्हणाले होते, "दादा, गाडी मुकी करायची नाहीये. पण हे डोकं दुखणं थांबवा."

अशी तक्रार दुकानात बसून कळत नाही. गाडी जिथे त्रास देते तिथे जाऊनच ती ऐकावी लागते.

सकाळी 6.20

मी शेजारी बसलोय, गाडी डॉक्टर चालवतायत. देहूरोड मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला. साठला काही नाही. ऐंशीला थोडी गुरगुर, तीही कानाला गोड. नव्वद ओलांडले आणि गाडीच्या आतली हवाच भरून आल्यासारखी झाली. बोलणं बुडेल इतका हा आवाज मोठा नाही. तो घुमतो. कानाच्या पडद्यावर कुणी अंगठा टेकवून धरावा तसा. मी मागच्या सीटच्या पाठीला तळवा लावला, तिथे तो हातालाही लागत होता. पाण्याच्या बाटलीत पाणी थरथरत होतं. शंभरवर, म्हणजे इथे गाड्यांना परवानगी आहे त्या वेगावर, काटा स्थिर झाला आणि घुमणंही स्थिर झालं. इंजिनचे फेरे 1900. वहीत तेवढाच आकडा लिहिला.

डॉक्टरांना विचारलं, "बसवताना काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तीस हॉर्सपॉवर वाढतील म्हणाले."

"वाढले?"

त्यांनी थोडा विचार केला. "वाटतं खरं."

त्या "वाटतं"चं उत्तर मी लगेच दिलं नाही. तळेगावला उतरून आम्ही परत फिरलो.

सकाळी 8.30

गाडी लिफ्टवर चढवली. पाइप अजून तापलेले, तासभर हात लावता येणार नाही. तोवर खालून नुसतं बघायचं. आमचे वेल्डर मामा तीस वर्षं हेच काम करतायत. आधी गाडीखाली एक चक्कर मारायची, मग बोलायचं, ही त्यांची पद्धत.

"भाऊ, मधला डबा गेलाय," मामा म्हणाले.

मधला रेझोनेटर कापून टाकला होता आणि त्या जागी दोन सरळ नळ्या जोडल्या होत्या. मागचे दोन्ही डबेही बदललेले होते. आत जाळीची सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर, असा हा प्रकार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र जागेवर होते. ते बघून जीव भांड्यात पडला.

पाइप निवल्यावर मामांनी एक जोड कापला आणि आतून टॉर्च मारली. बाहेरून जोड चकचकीत, पण आतून काळपट, दाणेदार, साखर जळून चिकटावी तसा. स्टेनलेस स्टीलचा पाइप वेल्ड करताना आतल्या बाजूलाही आरगॉन वायू सोडावा लागतो, नाहीतर वितळलेला धातू हवेतला ऑक्सिजन खातो आणि असा फुटाण्यासारखा फुटतो. तिथे पुढे चीर जाते. शिवाय खडबडीत आतल्या भिंतीमुळे वायूचा प्रवाह अडतो. ज्या मोकळ्या प्रवाहासाठी पैसे मोजले, त्याच्याच वाटेत खडे.

हे बघताना नजर चाकाकडे गेली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे होतं 2518. म्हणजे 2018 सालचा पंचविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर अजून तेच होते. नक्षी शिल्लक होती, पण रबराला नख लावलं तर ते रुतत नव्हतं. नक्षीच्या खाचांतून बारीक भेगा गेल्या होत्या. चारशे हॉर्सपॉवर मागच्या ज्या दोन चाकांनी रस्त्यावर उतरवायचे, त्यांचं रबर दगड झालं होतं. हे मी वहीत एक्झॉस्टच्या वर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सकाळी 10.15

डॉक्टर ऑफिसातल्या खुर्चीवर न बसता लिफ्टखाली येऊन उभे राहिले. मला असं गिऱ्हाईक आवडतं. गाडीचं पोट बघितलेल्या माणसाशी खरं बोलता येतं.

तीस हॉर्सपॉवरचं उत्तर त्यांना आत्ता दिलं. एक्झॉस्टच्या धंद्यात सगळ्यात जास्त विकलं जाणारं वाक्य म्हणजे "गाडीला श्वास मोकळा मिळाला पाहिजे". ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. इंजिनला जळलेला वायू बाहेर ढकलायला ताकद लागते, आणि पाइप चोंदलेला असेल तर ती ताकद वाया जाते. पण पाच लिटरची स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीने पाइप चोंदलेला ठेवलेला नसतो. त्यांच्या इंजिनिअरांनी तो हिशेब आधीच केलेला असतो. कन्व्हर्टरच्या मागचा भाग, ज्याला आपण कॅट-बॅक म्हणतो, तो बदलला की टर्बो नसलेल्या गाडीत पाच-दहा हॉर्सपॉवरच्या पुढे सहसा काही हाती लागत नाही. तेही वरच्या फेऱ्यांत, पाच-सहा हजारांच्या पुढे. रोजच्या रस्त्यावर तिथपर्यंत काटा किती वेळा जातो, हे ज्याचं त्यानेच मोजावं.

पाइप जास्त जाड केला तर नुकसानही होतं. प्रत्येक सिलिंडरमधून वायू सलग धारेने येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे दाब कमी झालेली लाट असते, ती पुढच्या सिलिंडरमधला वायू ओढून घ्यायला मदत करते. जाड पाइपात वायूचा वेग मंदावतो, ती ओढ ढिली पडते, आणि खालच्या फेऱ्यांत गाडीचं पिकअप जातं. सिग्नलवरून निघताना नेमकं तेच लागतं.

"मग मला गाडी जास्त पळाल्यासारखी का वाटते?" डॉक्टरांनी विचारलं.

कारण कान फसवतात. आवाज वाढला की मेंदू त्याला वेग समजतो. मी हे डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, अनेकदा पाहिलंय. नवा एक्झॉस्ट बसवलेली गाडी रोलरवर चढते, मालक डोळे मिटून आवाज ऐकतो आणि हसतो. मग कागद बाहेर येतो. त्याच गाडीच्या लागोपाठच्या दोन धावांत इंजिनच्या गरमीमुळे जेवढा फरक पडतो, कागदावरचा फरक जवळपास तेवढाच असतो. मालकाचा चेहरा उतरतो तेव्हा मलाही वाईट वाटतं, कारण लाखभर रुपये तर गेलेले असतात.

तरीही आवाजासाठी खर्च करणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. या इंजिनाचा आवाज ही खरोखर ऐकण्याची गोष्ट आहे. अमेरिकन व्ही-8 मध्ये क्रँकशाफ्टची घडण अशी असते की एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. दोन ठोके जवळजवळ, मग मोठी विश्रांती, मग परत ठोका. ती गुरगुर म्हणजे हाच मोडका ठेका. तो नीट ऐकू यावा म्हणून कुणी पैसे खर्च केले तर त्यात आनंद आहे, आणि गाडी आनंदासाठीच घेतलेली असते. फक्त तो आनंद हॉर्सपॉवरच्या नावाखाली विकू नये.

सकाळी 11.40

फोन. एक तरुण, त्याच्याकडे पोर्शे 718. "काका, कॅट काढून सरळ डाउनपाइप टाकायचाय. करता का?"

"नाही करत, बाळा."

तो खट्टू झाला. त्याचं दुखणं मला कळतं. पोर्शेने 2016 मध्ये या गाडीतलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो घातलं. ताकद वाढली, पण टर्बोची पाती वायूच्या वाटेतच फिरतात, त्यामुळे आवाज आधीच खाल्ला जातो. पुढे 2020 मध्ये कंपनीने जीटीएसमध्ये चार लिटरचं सहा सिलिंडर परत आणलं, त्यामागे आवाजाची ही हळहळ होतीच. टर्बोच्या गाडीत एक्झॉस्टने ताकद वाढते हेही खरं. टर्बोच्या मागचा अडथळा कमी झाला की तो लवकर फिरतो, आणि त्याबरोबर इंजिनचा संगणक नव्याने जुळवला तर फरक अंगाला जाणवतो. म्हणजे "एक्झॉस्टने गाडी पळते" हे वाक्य टर्बोच्या गाड्यांतून आलं आणि बिनटर्बोच्या मालकांच्या गळ्यात पडलं.

पण तो अडथळा म्हणजे कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या थरावरून जाताना निवळतात. पोळं काढलं की हे सगळं मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातं. कन्व्हर्टरच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मग तो दिवा फसवायची आणखी एक खटपट. ज्या कामात पहिल्या पावलापासून काहीतरी लपवावं लागतं ते मी हातात घेत नाही. पोराला सांगितलं, गाडीला कंपनीनेच दिलेला स्पोर्ट्स एक्झॉस्ट बसतो का ते विचार. तो गाडीसाठीच तपासलेला असतो, वॉरंटीलाही धक्का लागत नाही. आधी तो ऐक. त्याने "बघतो काका" म्हणून फोन ठेवला. कुणीतरी दुसरा त्याला करून देईल, ही खंत जेवणापर्यंत डोक्यात राहिली.

दुपारी 1.15

डबा. भाकरी, मेथी, ठेचा. पत्र्याखाली उकाडा मी म्हणतोय.

दुपारी 2.00

आजचं खरं काम आता. डॉक्टरांच्या गाडीचा मूळ मधला डबा त्या गॅरेजने भंगारात घातला, त्यामुळे तोच परत बसवायचा मार्ग बंद. त्याच मापाचा नवा रेझोनेटर बसवायचा. पण तेवढ्याने घुमणं जाणार नाही, हे मी डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. काचेची लोकर बारीक, कर्कश आवाज गिळते. शंभरच्या वेगावरचं घुमणं जाड लाटांचं असतं, ते लोकरीला दाद देत नाही.

ते कसं घालवायचं ते वहीतला 1900 सांगतो. आठ सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला चार ठोके. 1900 फेरे म्हणजे सेकंदाला जवळपास 127 ठोके. गरम वायूत आवाज हवेतल्यापेक्षा जोरात धावतो, तीनशे अंशांच्या आसपास सेकंदाला सुमारे 480 मीटर. 480 ला 127 ने भागलं की लाटेची लांबी पावणेचार मीटरच्या आसपास येते. तिचा चौथा भाग, 94 सेंटिमीटर.

एवढ्या लांबीची, दुसरं टोक बंद असलेली नळी मुख्य पाइपाला फांदीसारखी जोडायची. लाट त्या फांदीत शिरते, बंद टोकाला आपटते आणि परत येते. येईपर्यंत अर्धी लाट पुढे सरकलेली असते. मुख्य पाइपात येणारी लाट वर असते तेव्हा ही खाली. दोघी भेटतात आणि एकमेकींना मिटवतात. कुठेही अडथळा नाही, कोंडी नाही, एका हॉर्सपॉवरचंही नुकसान नाही. नळी मुख्य पाइपाच्या कडेने वळवून बसवली की इंग्रजी जे अक्षरासारखी दिसते, म्हणून तिला जे-पाइप म्हणतात. इतकी वर्षं झाली, पण आवाजाने आवाज मिटतो हे दर वेळी ऐकताना मला नव्याने बरं वाटतं.

मामांनी 304 ग्रेडचा अडीच इंची पाइप कापला, दोन्ही बाजूंसाठी दोन, मापापेक्षा तीन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवून. शेवटचं माप गाडीच सांगते. कडा घासल्या, ॲसिटोनने पुसल्या. हाताची चरबीही जोड बिघडवते. मग पाइपाची तोंडं ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केली, एका भोकातून आरगॉनची नळी आत सोडली आणि पाच मिनिटं नुसती वाट बघितली. शिकायला आलेला आयटीआयचा पोरगा चुळबुळ करत होता. मामांनी त्याला वेल्डिंगची टॉर्च हातातून खाली ठेवायला लावली. आतली हवा पुरती निघून जाईपर्यंत ठिणगी पाडायची नाही.

आधी चार टाके. मग टंगस्टनचं टोक धातूपासून दोन मिलिमीटरवर धरून मामांचा हात सरकू लागला. डाव्या हाताने तार, उजव्या हाताने टॉर्च, पायाखाली पेडल. वितळलेल्या धातूचं मुगाएवढं तळं, त्यात तारेचा थेंब, पुढे सरक, पुन्हा थेंब. जोड निवत गेला तसा त्याच्यावर रंग चढला. आधी पिवळसर, मग सोनेरी, कडेला किंचित निळा. सोनेरी रंग आला की मामा बोलत नाहीत, फक्त मान हलवतात. राखाडी आला असता तर त्यांनी तो पुन्हा कापला असता. पोराने आतून टॉर्च मारून पाहिलं. आतली बाजू बाहेरच्यासारखीच गुळगुळीत होती.

दुपारी 4.45

बुलेटवाला एक मुलगा आला. पंजाब सायलेन्सर बसवून हवा, फटाके फुटले पाहिजेत. त्याला बसवून पाणी दिलं आणि कायदा सांगितला, कारण हे त्याला दुसरं कुणी सांगत नाही. गाडीच्या मूळ रचनेत कंपनीच्या मापाबाहेर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत ते ठामपणे सांगितलंय. आवाजाच्या प्रदूषणाला कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत. चारचाकीला हाच कायदा आहे; लाखाची गाडी असो की कोटीची, सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसाची झोप सारखीच मोडते.

मुलगा ऐकून गेला. पटलं की नाही, माहीत नाही.

संध्याकाळी 6.10

आवाज मोजायचं यंत्र टेलपाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, पंचेचाळीस अंशांत, तोंडाच्या उंचीवर. उभ्या गाडीचा आवाज मोजायची हीच पद्धत आहे. सकाळी असाच मोजलेला आकडा वहीत होता. आता काटा आठ डेसिबलने खाली आला. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, त्या हिशेबात हे बरंच झालं. मागचे डबे तेच ठेवल्यामुळे गुरगुर शिल्लक होती, उलट मधला गोंगाट निघून गेल्याने ठेका जास्त स्वच्छ ऐकू येत होता.

रात्री 8.40

पुन्हा एक्स्प्रेसवे. या वेळी मी मागच्या सीटवर बसलो, मुलीच्या जागी. नव्वद. शंभर. 1900 वर काटा. घुमणं उरलं होतं, पण सावलीएवढं, आणि ते वर सरकून 1900 च्या पुढे गेलं होतं. म्हणजे नळी थोडी लांब आहे, हे अपेक्षितच होतं. उद्या सकाळी दोन्ही नळ्या तीन-तीन सेंटिमीटर कापायच्या, टोपी पुन्हा बसवायची, आणि काम पूर्ण. डॉक्टरांनी आरशातून मागे बघितलं आणि साध्या आवाजात विचारलं, "दादा, ऐकू येतंय का मी काय बोलतोय ते?" येत होतं.

परतताना त्यांनी हिशेबाचं विचारलं. मी आधी टायरचं सांगितलं. "डॉक्टर, पहिल्यांदा एक्झॉस्टला जेवढे गेले तेवढ्यात चार चांगले टायर, ब्रेकचं नवं ऑइल आणि पॅड सहज आले असते. गाडी खरंच वेगळी चालली असती. घाटात, पावसात, ब्रेक दाबताना." ते तळेगाव जाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या नळ्या कापून झाल्या की टायरवाल्याकडे नेऊन सोडा."

रात्री 10.05

शटर खाली. वहीत उद्याची कामं लिहिली.

स्पोर्ट्स कारवाले मला रोज विचारतात, बाहेरचा एक्झॉस्ट बसवावा का? ताकदीसाठी विचारत असाल आणि गाडीला टर्बो नसेल, तर नको. टर्बो असेल तर कन्व्हर्टर जागेवर ठेवून जेवढं मिळेल तेवढंच घ्या. आवाजासाठी विचारत असाल, तर कायद्याच्या मापात बसणारा, तुमच्याच गाडीसाठी तपासलेला घ्या. पैसे द्यायच्या आधी तो बसवलेली दुसरी एखादी गाडी शोधा आणि शंभरच्या वेगात अर्धा तास तिच्या मागच्या सीटवर बसा. आणि जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. कापडात गुंडाळून घरी न्या.